‘फॅक्टरी सील्ड’ विकणाऱ्या साहेबांस

रा. रा. ‘फॅक्टरी सील्ड’वाले साहेब यांस,

पत्रास कारण की, ‘अल्टिमा ४’ या गेमचं जे खोकं तुम्ही ‘१९८५ पासून एकदाही न उघडलेलं’ म्हणून लिलावात विकलंत, ते मी उघडं पाहिलेलं आहे. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधल्या एका मराठी घराच्या गॅरेजमध्ये ते इतर खोक्यांबरोबर फळीवर उभं असायचं. त्यातला कापडी नकाशा मी टेबलावर पसरून पाहिलाय, त्यातलं धातूचं अंख हे इजिप्शियन चिन्ह हातात घेतलंय. ज्यांनी तो गेम विकत घेतला, उघडला आणि खेळून संपवला, त्या काकांनीच मला तो दाखवला होता. काका गेले आणि मग तुम्ही आलात.

तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि काकूंनाही. पत्र मराठीत लिहितोय, कारण त्या घरात तुम्हाला शिरकाव मिळाला तो मराठीपणावर. मंडळाच्या गणपतीत भेटलेला, ‘काकू, काही लागलं तर हक्काने सांगा’ म्हणणारा मुलगा, एवढ्या भरवशावर त्यांनी तुम्हाला गॅरेज उघडून दिलं. ‘हे आता कोण घेतंय, काकू? रद्दीच आहे, पण मी नेतो, तुमची जागा तरी मोकळी होईल,’ हे तुमचे शब्द त्यांना पाठ आहेत. तुम्ही खोक्यामागे सरसकट एकच दर दिलात, चहा घेतलात आणि गाडी भरून गेलात.

आता त्या विकलेल्या खोक्याकडे वळू. तुमच्याच फोटोत वरच्या उजव्या कोपऱ्याजवळ पुठ्ठ्याचा छापील पापुद्रा निघालेला दिसतो. अंगठ्याच्या नखाएवढी, पांढरी, खरबरीत जागा. तिथे दुकानाची किमतीची चिठ्ठी होती आणि कुणीतरी ती ओढून काढली, हे जुनी खोकी हाताळणाऱ्या कुणालाही कळेल. हा व्रण प्लॅस्टिकच्या खाली आहे. वरचं प्लॅस्टिक मात्र अखंड, ताणून बसवलेलं. खोकं कारखान्यातून आवरणासकट आलं असतं, तर दुकानदाराने चिठ्ठी प्लॅस्टिकवर चिकटवली असती. ती ओढल्यावर फार तर प्लॅस्टिकवर डिंक राहिला असता. पुठ्ठा सोलला गेला, याचा अर्थ चिठ्ठी उघड्या पुठ्ठ्यावर होती आणि प्लॅस्टिक नंतर चढलं. कधी चढलं, तेही मला माहीत आहे. काकांच्या गॅरेजमध्ये ते नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात तुमच्याच खात्यावरून ‘अल्टिमा ४’चं सुटं अंख एका गिऱ्हाइकाला आणि सुटा कापडी नकाशा दुसऱ्याला गेला. दोन्हींचे फोटो मी जपून ठेवलेत. मग साहेब, त्या बंद खोक्यात काय आहे? ज्याने ते घेतलं, तो बिचारा उघडून बघू शकत नाही. उघडलं की त्याने मोजलेल्या पैशांतला मोठा हिस्सा तिथल्या तिथे बुडाला. तुमचा सगळा धंदा माणसाच्या या अडचणीवर उभा आहे. खोक्यात जे नाही ते विकायचं आणि बघण्याची चोरी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायची.

‘रद्दी’ हा तुमचा शब्द मला सगळ्यात जास्त लागला. तुम्ही अडाणी असता तर तो गिळलाही असता. पण तुम्हाला प्रत्येक खोक्याची किंमत माहीत होती. तुमची नंतरची विक्रीच ते सांगते. १९८० च्या दशकात गेमबरोबर खोक्यात येणाऱ्या वस्तू ही निव्वळ सजावट नव्हती. इन्फोकॉम या कंपनीने १९८२ मध्ये ‘डेडलाइन’ हा खुनाच्या तपासाचा गेम काढला, तेव्हा सगळा मजकूर फ्लॉपीवर मावेना. म्हणून साक्षीदारांचे जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचा फोटो आणि गोळ्यांची पुडी हे सगळं पोलिसांच्या फायलीसारख्या पाकिटात घालून दिलं. गेमचा अर्धा भाग फ्लॉपीवर, अर्धा कागदावर. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या गेममध्ये अशा वस्तू येतच राहिल्या आणि त्यांना ‘फीलीज’ हे नाव पडलं. ‘स्टारक्रॉस’ उडत्या तबकडीच्या आकाराच्या वेष्टनात आला, ‘सस्पेंडेड’च्या वेष्टनावर प्लॅस्टिकचा मुखवटा होता. दुकानदारांना ही वेडीवाकडी वेष्टनं फळीवर रचता येईनात, म्हणून कंपनीने नंतर तेच गेम एकाच मापाच्या राखाडी खोक्यांतून पुन्हा आणले. म्हणूनच आज मुखवट्याचा ‘सस्पेंडेड’ आणि राखाडी खोक्यातला ‘सस्पेंडेड’ यांच्या किमतीत मोठं अंतर आहे, फ्लॉपीवरचा गेम एकच असला तरी. काकांकडे मुखवट्याचा होता. त्याच फळीवर ‘मिस्ट’ही होता. १९९३ चा हा गेम साठ लाखांहून अधिक खपला आणि २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम तोच होता. त्याची खोकी आजही ढिगाने मिळतात. तुम्ही दोन्हींना सारखाच भाव दिलात. काकूंना हा फरक कळत नाही, हे तुम्ही हेरलं होतं.

आणि तुमच्या दुकानात त्याच ‘मिस्ट’वर ‘अतिदुर्मीळ’ अशी पट्टी आणि तोंडाला येईल तो आकडा! त्याचं दुसरं नुकसान असं की घरात एखादं जुनं खोकं सापडलेला माणूस तुमचा आकडा बघतो आणि तीच बाजारातली किंमत समजून बसतो. मागितलेली किंमत ही किंमत नव्हेच. ती मागणाऱ्याची हाव असते. खरी किंमत म्हणजे कुणीतरी खिशातून काढून दिलेले पैसे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते, पण ती साधारण गेल्या ९० दिवसांचीच असते. म्हणून क्वचित येणाऱ्या खोक्यासाठी जुन्या लिलावांच्या नोंदीही बघाव्या लागतात. हे काम पंधरा मिनिटांचं. काकूंच्या नातवानेही केलं असतं. तुम्ही ते करू दिलं नाहीत, कारण तुम्हाला ‘आजच्या आज’ गाडी भरायची होती.

फ्लॉपीबद्दल तुम्ही काकूंना म्हणालात, ‘चाळीस वर्षांच्या आहेत, चालायच्या नाहीत, किंमत शून्य.’ फ्लॉपीवरचा चुंबकीय थर कालांतराने खराब होतो, बुरशी धरतो, हे खरं. पण मग तुमच्या त्या बंद खोक्यातली फ्लॉपी कोणत्या अमृतात बुडवलेली आहे? तिची तर परीक्षाच झालेली नसते. काकूंच्या घरात शून्य किमतीची वस्तू तुमच्या घरी येऊन प्लॅस्टिक ल्याली की सोन्याची होते, हे तुमचं गणित. खरं तर उघड्या खोक्यातली, नीट वाचून तपासलेली फ्लॉपी ही बंद खोक्यातल्या फ्लॉपीपेक्षा जास्त भरवशाची. आपल्याला काय मिळतंय हे गिऱ्हाइकाला तिथेच कळतं.

बंद खोक्याचं वेड बाजारात आहे, हे मी नाकारत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक बंद प्रत अमेरिकेत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तो टीव्हीला जोडायच्या यंत्राचा गेम, संगणकाचा नव्हे. पण अशा आकड्यांनी संगणकाच्या जुन्या खोक्यांभोवतीही तुमच्यासारखे लोक गोळा केले. त्यातून प्लॅस्टिक गुंडाळायचं, श्रिंक-रॅपचं यंत्र तुमच्या घरात आलं. जुना माल ओळखणाऱ्यांना मात्र ठाऊक असतं की त्या काळचं खरं प्लॅस्टिकसुद्धा पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच दुकानांत परत आलेला माल पुन्हा गुंडाळायची यंत्रं असत. गिऱ्हाइकाने गेम न्यायचा, घरी फ्लॉपीची नक्कल करायची, खोकं परत आणायचं आणि दुकानाने ते पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवायचं, हे चालायचं. म्हणून प्रामाणिक विक्रेता ‘कारखान्याचं’ हा शब्द वापरताना दहादा विचार करतो. प्लॅस्टिकचा जोड कुठून गेलाय, हवा जाण्यासाठीची बारीक छिद्रं आहेत का, त्याच गेमच्या इतर बंद प्रतींवर ती कशी आहेत, हे ताडून पाहतो आणि खात्री नसेल तर ‘प्लॅस्टिकमध्ये आहे, कुणी गुंडाळलं ते सांगता येत नाही’ असं लिहितो. एवढं एक वाक्य लिहायला तुम्हाला काय धाड भरली होती?

तुमच्याकडून ‘मंकी आयलंड’ घेतलेल्या एका संग्राहकाने त्यातली चकती मला दाखवली. १९९० च्या त्या गेममध्ये एकावर एक बसवलेल्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या असत. चाच्याच्या चेहऱ्याचा वरचा भाग एका चकतीवर, खालचा दुसरीवर. पडद्यावर दिसेल तो चेहरा चकती फिरवून जुळवायचा आणि खिडकीतून दिसणारं साल टंकायचं, तर गेम सुरू होणार. नकलांना आळा घालायची ही युक्ती. चकती हरवली की खोक्यातला गेम मुका. तुमच्या चकतीची कड कात्रीने कापलेली आहे, मधली रिबीट नवीकोरी चकाकते. भिंगातून पाहिलं तर छपाईही वेगळी. त्या काळच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके नेटक्या जाळीत बसलेले दिसतात. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरमधून निघालेल्या पानावर मात्र डोळ्यांना न दिसणारे फिके पिवळे ठिपके विखुरलेले असतात आणि निळ्या उजेडात ते उठून दिसतात. तुमच्या चकतीवर ते आहेत. काकांची खरी चकती तुम्ही कुठे विकलीत?

नक्कल चकती जोडण्याला माझा विरोध नाही. खोकं एकाकडचं, मॅन्युअल दुसरीकडचं, चकतीची प्रत घरी काढलेली, असा गेम मीही आनंदाने घेईन, जर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर. नफ्यालाही विरोध नाही. शोधणं, तपासणं, जपून पाठवणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याचे पैसे मिळायलाच हवेत. माझं भांडण न सांगण्याशी आहे.

तुम्ही नुसते खोटे नाही, निष्काळजीही आहात. ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ हा १९८४ चा गेम तुम्ही ‘संपूर्ण’ म्हणून विकलात. ‘घाबरू नका’ लिहिलेला बिल्ला आहे, काळ्या पुठ्ठ्याचा चष्मा आहे, घर पाडायचा आणि पृथ्वी पाडायचा असे दोन्ही हुकूम आहेत, खिशातला कापसाचा पुंजकाही आहे. पण त्यात एक छोटी रिकामी प्लॅस्टिकची पिशवी असायला हवी होती. डग्लस ॲडम्सच्या कथेतलं, डोळ्यांना न दिसणारं अंतराळ-आरमार त्या पिशवीत आहे, असा तो विनोद. तुम्ही ती पिशवी कचरा समजून टाकलीत. ती नसेल तर खोकं अपुरं, आणि हा गेम खूप खपलेला असल्यामुळे पूर्ण प्रतींची वानवा नाही; अपुऱ्याला भाव उतरतोच. गेमवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून ती पिशवी सुटली नसती.

पण काकांचे आलेखाचे कागद फेकलेत, ते मी विसरणार नाही. भुयारं, जंगलं, किल्ले, सगळं ते चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने उतरवत, कारण त्या गेममध्ये नकाशा आपला आपणच काढावा लागे. बाजूला टिपणं देवनागरीत. ‘इथून खाली पडतो.’ ‘या दाराला हात लावू नये.’ ‘विहिरीपाशी तेल संपतं.’ चाळीसएक वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात बसून एक मराठी माणूस रात्री जागून हे गेम कसा खेळत होता, याचा तो एकमेव कागद. तुम्ही काकूंना सांगितलंत की हाताने लिहिलेलं काही असलं की किंमत जाते, आणि गठ्ठा रस्त्यावरच्या पेटीत टाकलात. मॅन्युअलवर शाईने खरडलेलं असेल तर भाव उतरतो, ही गोष्ट खरी. पण वेगळ्या कागदावरचे खेळणाऱ्याचे नकाशे म्हणजे ते खोकं कुणाचं, कुठून आलं, याचा पुरावा. तो पुरावाच तुम्हाला नको होता. न उघडलेल्या गेमचे नकाशे कसे असतील?

वस्तू कुठून आली याचा माग असण्याला किती वजन असतं, ते न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाने दाखवलंय. १९८३ मध्ये अटारी या गेम कंपनीने तिथे न खपलेली गेमची काडतुसं (कार्ट्रिज) पुरली, २०१४ मध्ये ती उकरली गेली. त्यातल्या ‘ई. टी.’ या गेमचं काडतूस तसं कवडीमोल, हवं तेवढं मिळतं. पण उकिरड्यातून निघालेली, मातीने माखलेली तीच काडतुसं गावाने प्रमाणपत्रासकट विकली, तेव्हा एकूण १ लाख डॉलरहून जास्त जमले. उलट बाजूचा धडा २०२२ चा. संग्राहकांनी एकत्र येऊन आपापल्या प्रती ताडून पाहिल्या आणि ‘अकालाबेथ’सारख्या अतिदुर्मीळ जुन्या गेमच्या कित्येक प्रती बनावट असल्याचं जाहीर केलं. ‘अकालाबेथ’ हा रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा’च्या आधीचा गेम, सुरुवातीच्या थोड्या प्रती त्याने टेक्ससमधल्या दुकानात साध्या झिपच्या पिशवीतून विकायला ठेवल्या होत्या. पिशवी, कागद आणि फ्लॉपी, एवढीच सामग्री. नक्कल करायला सोपी, आणि मूळ कुणी फारसं पाहिलेलं नाही. त्या प्रकरणानंतर लोक खऱ्या प्रतीकडेही संशयाने बघू लागले. तुमच्या एकेका खोट्या खोक्याने हेच होतं. ज्यांच्याकडे खरं न उघडलेलं खोकं आहे, त्यांनाही आता शपथा घ्याव्या लागतात.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, अशी खोकी मुळातच कमी. नव्वदच्या दशकात गेम यायचा तो बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, साध्या पाकिटातल्या नकलेच्या सीडीवर. परदेशातून कुणी मूळ गेम आणलाच, तर बॅगेत जागा अडू नये म्हणून खोकं तिकडेच टाकून यायचे. जे थोडं आलं, त्यातल्या बऱ्याच मालाला पावसाळ्याच्या दमटपणाने बुरशी लावली. त्यामुळे मराठी घरात या पुठ्ठ्याला काही मोल असतं, हे माहीत नसणं स्वाभाविक आहे. तेच तुमचं भांडवल. म्हणून हे वाचणाऱ्या घरांना सांगतो: दिवंगत माणसाचे गेम विकायचे असतील तर आधी प्रत्येक खोक्याचे आत-बाहेर फोटो काढा. वस्तू एकमेकींपासून वेगळ्या करू नका. किमतीच्या चिठ्ठ्या खरवडू नका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका. पावत्या, वह्या, नकाशे खोक्यांबरोबरच ठेवा. आणि ‘आजच्या आज’ म्हणणाऱ्याला उद्या बोलवा.

यात पैशापलीकडचंही नुकसान आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळलं. ते पुढच्या पिढीला दिसणार असतील तर संग्राहकांच्या आणि ग्रंथालयांच्या फळ्यांवरच. स्टीफन कॅब्रिनेटी नावाचा तरुण १९९५ मध्ये, तिशीही न गाठता गेला. त्याने जमवलेला हजारो खोक्यांचा साठा त्याच्या घरच्यांकडून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला, आणि त्यातल्या फ्लॉपी एकेक करून वाचून जतन करण्यात आल्या. सनीव्हेलपासून ते ग्रंथालय फार लांब नाही. काकांच्या देवनागरी नकाशांना तिथे कुणी रद्दी म्हटलं नसतं.

आता काय करायचं ते ऐका. ‘अल्टिमा ४’ ज्याला विकलंत, त्याला आत काय आहे आणि प्लॅस्टिक कुणी चढवलं ते लेखी कळवा आणि पैसे परत करा. ‘मंकी आयलंड’वाल्याला खरी चकती द्या. तुमच्या दुकानात अजून काकांची जी खोकी आहेत, त्यांवरचा ‘फॅक्टरी सील्ड’ हा शब्द काढा. विकलेल्या मालाचा हिशेब काकूंसमोर ठेवा. किती द्यायचं ते त्यांना ठरवू दे, मी मध्ये पडणार नाही.

आणि ती वही. निळ्या बांधणीची, ज्यात काकांनी प्रत्येक गेमची तारीख, दुकान आणि किंमत लिहून ठेवली होती. ‘यादी करायला नेतो’ म्हणून तुम्ही नेलीत आणि परत आणली नाहीत. तीत ‘अल्टिमा ४’च्या ओळीपुढे तो कधी संपवला तेही लिहिलंय, म्हणूनच ती तुम्ही दडवून बसला आहात. ती काकूंची आहे. टपालाने पाठवू नका, स्वतः नेऊन द्या.

आपला,
काकांच्या फळीवरची खोकी उघडी पाहिलेला एक जण